अंगणातला घरजावई

१२ जून

प्रिय बेबी,

बाबा ठणठणीत आहेत, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव वरखाली व्हायला नको. ठणठणीत नाहीये ती मी. हे सगळं फोनवर बोलता येत नाही, कारण फोन पुढच्या खोलीत आणि बाबांची कॉट फोनला खेटून. एरवी त्यांना हाक मारून मारून घसा बसतो, पण आपण हळू बोललो की बरोबर ऐकू येतं. म्हणून कागद घेऊन बसले.

मागच्या अंगणातल्या त्या झाडाने माझ्या नाकी नऊ आणलेत. तुझ्या दादाने लावलेलं ते. ऑफिसातल्या कुणीतरी त्याला रोप दिलं, म्हणे दोन वर्षांत सावली. सावली झाली, नाही म्हणत नाही. पण सावलीमागून त्याची पिल्लावळ सुरू झाली. गेल्या वर्षी कंटाळून मी त्यातली भिंतीकडची दोन झाडं तोडून घेतली. लाकूडतोड्या म्हणाला, "बाई, आता निवांत झोपा." मी झोपले. पहिला पाऊस पडून गेला आणि जिथे दोन होती तिथे पोरांची शाळा सुटावी तसे कोंब. कपडे वाळत घालायच्या दोरीखाली कोंब, मोरीच्या जाळीतून कोंब, परवा तर शिवणाच्या खोलीत दाराच्या चौकटीपाशी एक हिरवा शेंडा डोकावून बघत होता. उपटला तर तुटतो, मूळ आतच राहतं, वर हाताला खवट शेंगदाण्याचा वास दिवसभर. मी त्याचं नाव घरजावई ठेवलंय. आला, खाल्लं, पसरला, आता जायचं नाव नाही.

गंमत बाजूला. मुळांनी अंगणाच्या फरशा उचलल्यात. तुला माहीत आहे, खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बाबांना काय बजावलंय: रोज चालायचं, चालणं थांबलं की कॉट धरणार. पुढे रस्त्यावर ट्रकांची रांग, पाय टाकायला जागा नाही. चालायला आहे ते हे एवढं अंगण. एक-दोनदा अडखळले, पण मी होतेच.

तुला काही उपाय माहीत असेल तर कळव. तू इतकी वर्षं शाळेची मुख्याध्यापिका होतीस, शाळेला आवार असतं, आवारात झाडं असतात.

तुझी,
वहिनी

२६ जून

प्रिय वहिनी,

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला राग आला, तेव्हा तो सांगून टाकते.

एक. गेल्या वर्षी दोन झाडं तोडलीस हे मला आत्ता कळतंय. दादाने हातात काय काय घेतलं आणि अर्धं सोडलं याचा हिशोब तुझ्याकडेही आहे आणि माझ्याकडेही. पण हे झाड त्याने पूर्ण वाढवलं. आणि बाबा रोज संध्याकाळी खुर्ची टाकून त्याच्याच खाली बसतात ना? मुलाने लावलेल्या झाडाखाली म्हातारा बाप बसतो, आणि तू त्याला घरजावई म्हणतेस. हसू आलं नाही मला.

दोन. काल फोनवर बाबा सहज बोलून गेले, "गुडघ्याची खपली पडली आता." कोणता गुडघा? कसली खपली? मी विचारलं तर त्यांनी हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या. तुझ्या पत्रात आहे, 'अडखळले, पण मी होतेच.' वहिनी, मी वर्गात पोरांची तोंडं बघून कोण खोटं बोलतंय ते ओळखायची. तुझं अक्षर ओळखणं काही फार अवघड नाही.

उपाय म्हणशील तर बुंध्याशी उकळतं पाणी ओत आणि खडेमीठ टाक. आमच्या शाळेत शिपाई तेच करायचा.

आणि हेही नीट वाच. मी नोव्हेंबरात येतेय. तोवर अंगण चालण्याजोगं झालं नसेल तर बाबांना मी इकडे घेऊन जाईन. आमच्याकडे लिफ्ट आहे, खाली बाग आहे, सपाट रस्ता आहे. यात तुला दुखवायचं काही नाही. पण माझे वडील फरशीवर आपटून पुन्हा खुबा मोडून घेणार असतील तर मी इथे बसून पत्रं लिहीत राहणार नाही.

बेबी

५ जुलै

वन्संबाईंना,

हो, पडले. मी शाळेच्या गणवेशाचे शर्ट द्यायला दुकानात गेले होते आणि ते एकटेच फेरी मारायला निघाले. मी घरी आले तेव्हा ते खुर्चीत बसून स्वतःच गुडघा धुऊन स्वतःच पट्टी बांधत होते. उभा जन्म दवाखान्यात ड्रेसर म्हणून काढला, कुणाला हात लावू देतात का? मलाच म्हणाले, "बेबीला कळवू नकोस, ती लगेच सामान बांधायला लागेल." आणि मग स्वतःच तुला सांगितलं. आता बोल, खोटारडी कोण?

तुझं उकळतं पाणी ओतलं. दोन पातेली. शेजारचा गुलाब जागच्या जागी मेला, तो मी लावला होता. घरजावयाला बहुतेक आंघोळ आवडली, चार दिवसांत नवीन पालवी फुटली. मीठही टाकलं. आता त्या कोपऱ्यात गवतसुद्धा उगवत नाही, कोंब तेवढे उगवतात.

आणि घेऊन जाईन म्हणे! बाबा म्हणजे कपाट आहेत का, इथून उचललं आणि तिथे ठेवलं? तुला लिफ्ट आहे, मान्य. मला लिफ्ट नाही. पण तुझा दादा गेल्यापासून या घरात 'तू जेवलीस का' असं विचारणारं माणूस एकच उरलंय, आणि तेही तू उचलून नेणार असशील तर तसं स्पष्ट लिही, मी माझ्या मनाची तयारी करते. सध्या झालेली नाही.

असो. रागाने रोपवाटिकेत गेले आणि तिथल्या माणसाला सगळं सांगितलं. तो हसायलाच लागला. म्हणाला, "तोडलंत तिथेच चुकलात." हे झाड तोडलं की मुळं घाबरून चहूकडे कोंब सोडतात. त्याला उभंच मारायचं. पावसाळा सरता सरता झाड वरचा रस खाली मुळांत नेऊन साठवतं. तेव्हा खोडावर तिरके घाव घालायचे, मधे मधे साल शाबूत ठेवायची, आणि घावांत ब्रशने तणनाशक भरायचं. झाड आपल्या हाताने ते औषध मुळांपर्यंत नेऊन पोचवतं. मग महिनाभर बोट लावायचं नाही. तोडायचं नाही, पाणी घालायचं नाही, कोंब उपटायचे नाहीत. मुळं मेली की मगच करवत. म्हणजे सप्टेंबरपर्यंत मी हात बांधून बसायचं. माझ्यासारखीने!

वहिनी

२१ जुलै

प्रिय वहिनी,

तुझ्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. कोणती ते लिहीत नाही, तू उगाच शेफारशील. मी इथे आल्यागेल्यांशी बोलत असते, घरात नवरा आहे, नातवंडं येतात-जातात. तुझ्याकडे संध्याकाळी कोण असतं हा विचार मी केला नव्हता. पण बाबांचं हाडही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. दोन्ही खरं आहे, मी काय करू?

गुलाबाबद्दल माफ कर.

तुझा तो रोपवाटिकावाला शहाणा वाटतो. कर त्याच्या म्हणण्याप्रमाणे. नोव्हेंबरात मला सपाट फरशी दिसली तर मी आल्या पावली एकटी परत जाईन, हा शब्द. नाही दिसली तर मात्र भांडू नकोस.

एकच सांगते, बाबांना ताकास तूर लागू देऊ नकोस. दादाचं झाड आपण विष घालून मारतोय हे त्यांना कळलं तर ते जेवण सोडतील. हळूहळू वाळलं की म्हणू, कीड लागली. म्हाताऱ्या माणसाला कीड समजते.

हातमोजे घालून औषध लाव. डोळ्यांना हात लावू नकोस. हे वाचून तोंड वाकडं करू नकोस.

बेबी

१९ सप्टेंबर

प्रिय बेबी,

झालं एकदाचं! शेजारचे पोस्टमास्तर बाबांना डोळे तपासायला घेऊन गेले, तेवढ्यात मी कुऱ्हाड घेऊन अंगणात उतरले. हातमोजे घातले. तोंड वाकडं केलं, पण घातले. थोरल्या झाडावर कमरेच्या उंचीला गोल फिरत तिरके घाव, मधे साल सोडून. घाव घातला की लगेच ब्रशने औषध. त्या वासाने डोकं उठलं. धाकट्या झाडांनाही तसंच. कोंबांच्या पानांवर औषध पुसलं. सगळं उरकून साबणाने हात घासून चहा टाकते तोच रिक्षा दारात.

बाबा पहिल्या फेरीलाच झाडापाशी थांबले. डोळ्यांत थेंब घातलेले, तरी दिसलं! "हे कुणी केलं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "सुतारपक्ष्याने." बाबांनी घावांवरून काठीचं टोक फिरवलं आणि म्हणाले, "बराच मोठा दिसतो." मग खुर्ची टाकून बसले. मला इतकी लाज वाटली की मी मशीनवर जाऊन उगाच बॉबिन भरत बसले.

आता महिनाभर देवाने मला संयम द्यावा. तुझ्याकडे जास्तीचा असेल तर पाठव.

वहिनी

४ ऑक्टोबर

प्रिय बेबी,

कसं लिहू, काही रागाने लिहितेय आणि काही हसून. मुख्यतः रागाने.

दोन आठवडे मी त्या झाडाकडे डोळ्यांत तेल घालून बघत होते. पानं पिवळी पडायला लागली होती, शेंडा मान टाकत होता. मी खूश. मधे दुकानाने घाईचं काम लावलं, कोटांना अस्तर, म्हणून चार दिवस खोलीबाहेर डोकं काढलं नाही. काल अस्तराचं पांढरं कापड घ्यायला कपाट उघडलं तर ठाण निम्मं. चोरीच झाली असं वाटून मी अंगणात धावले.

बेबी, झाडाला पट्ट्या बांधलेल्या होत्या.

थट्टा नाही करत. थोरल्या झाडाला, धाकट्या झाडांना, एकेका घावावर घडी, घडीवरून गुंडाळी, शेवटी चपटी गाठ, बाहेरून दिसू नये अशी आत खोचलेली. दवाखान्यातली पट्टी! बाबा खुर्चीत बसून पुढच्या पट्टीच्या चिंध्या सरळ करत होते. मी विचारलं, हे काय चाललंय? म्हणाले, "आधी जखमा मिठाच्या पाण्याने धुतल्या. घाण होती आत, चिकट काहीतरी. रोज धुतोय. आता बघ, बऱ्या होतील." रोज! मी मशीन हाणत होते आणि हे माझ्या पाठीमागे रोज घाव धुऊन, झाडाच्या बुंध्याशी बादली रिकामी करत होते. मीठ-पाणी त्याला आवडतं हे आपल्याला ठाऊक आहेच. खालून पुन्हा हिरवे कोंब आलेत.

मी कपाळावर हात मारला, इथवर ठीक. पण मग तोंडाला आवर घातला नाही. म्हटलं, "बाबा, तुम्हाला बेबीकडे जायचंय का? मग तसं सांगा. हे सगळं मी तुमच्यासाठी करतेय, तुम्हाला चालता यावं म्हणून, आणि तुम्ही माझ्या मुळावर उठलात!" त्यांनी चिंध्या खाली ठेवल्या, काठी घेतली आणि आत गेले. रात्री जेवताना 'जेवलीस का' विचारलं नाही.

नवीन औषध लावलं तर महिना धरायचा, म्हणजे तू येशील तेव्हा झाड उभंच, फरशा तशाच. तू म्हणालीस तसं भांडणार नाही. ये आणि घेऊन जा त्यांना. तिकडे सपाट रस्ता आहे. मी हात टेकले.

वहिनी

१० ऑक्टोबर

ती. बाबांना,

वहिनीचं पत्र आलं. तिच्यावर रागावू नका, तिने झाडाला जे केलं ते माझ्या संमतीने केलं. ते घाव सुतारपक्ष्याचे नव्हते, हे एव्हाना तुम्हाला कळलंच असेल. मुळांनी फरशा उचलल्यात आणि तुम्ही पडता, म्हणून ते झाड आम्हाला घालवायचं होतं. तुमचा त्यावर किती जीव आहे ते आम्हाला दोघींना माहीत आहे, म्हणून तुम्हाला सांगितलं नाही. चुकलं असेल तर ओरडा.

मी नोव्हेंबरच्या आठ तारखेला पोचते. परतीची दोन तिकिटं काढली आहेत. तुमचे गरम कपडे, चष्मा, डॉक्टरांचे कागद एका पिशवीत काढून ठेवा. थोडे दिवस राहून बघा. आवडलं नाही तर परत आणून सोडीन. हट्ट करू नका.

तुमची,
बेबी

१७ ऑक्टोबर

बेबी,

तुझं पत्र मिळालं. चष्मा लावून वाचलं, उत्तरही मीच लिहितोय, अक्षर हललं तर समजून घे. पाकीट सूनबाईला दाखवणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे त्या झाडावर माझा जीव वगैरे काही नाही. तुझ्या भावाने आणलं त्याच दिवशी मी म्हटलं होतं, याला वास येतो. त्याने कधी कुणाचं ऐकलं आहे का? गेला तो, झाड ठेवून गेला. गेल्या वर्षी भिंतीकडची दोन तोडली तरी थोरलं तिने राखलं, तेव्हा मला वाटायचं सूनबाईला ते हवं आहे, नवऱ्याची आठवण. म्हणून मी गप्प. घाव बघितले तेव्हा वाटलं, भिंतीवरून कुणीतरी खोडसाळपणा केला, आणि हिला किती वाईट वाटत असेल, म्हणून सुतारपक्षी वगैरे काहीतरी सांगून विषय टाळतेय. मग पट्ट्या बांधल्या. तसंही उघडी जखम दिसली की माझा हात राहत नाही. दवाखान्यात चोर आला तरी बांधली, त्याला पकडणारा आला तरी बांधली. अस्तराच्या कापडाचं मात्र चुकलं, ते विचारून घ्यायला हवं होतं.

म्हणजे तिघांनाही झाड नको होतं, आणि मी ते सूनबाईसाठी राखत बसलो होतो, तुम्ही दोघी माझ्यासाठी लपवत बसला होतात. तू मुख्याध्यापिका होतीस ना? मग एकदा मला विचारायला काय झालं होतं?

दुसरी गोष्ट. मी झाडाखाली बसतो असं तुम्ही दोघी म्हणता. मी झाडाखाली बसत नाही. मी शिवणाच्या खोलीच्या खिडकीसमोर बसतो. झाड मधे आलंय एवढंच. तुझा भाऊ गेला त्यानंतर ही दिवसच्या दिवस मशीनवर बसायची, मशीन चालायचं नाही. पायडलवर पाय, हातात कापड, आणि नुसती भिंतीकडे बघत. मी आत गेलो तर डोळे पुसून हसायची, मला ते बघवायचं नाही. मग मी बाहेर खुर्ची टाकायला लागलो. मशीन बराच वेळ थांबलं की चहा मागतो. नको असला तरी मागतो. ती चिडते, उठते, चहा करते, परत येऊन शिवायला लागते. आता थांबतं ते क्वचित. पण थांबतं.

तुझ्या लिफ्टमधून हे कसं ऐकू येईल?

मी येणार नाही. पडलो तर पडलो, उठायची सवय आहे. काल तिला म्हटलं, आण ते औषध. पट्ट्या मीच सोडल्या, घाव तिने घातले, ब्रश मी धरला. ती सगळा वेळ ओरडत होती, डोळ्यांना हात लावू नका, मोजे घाला, तुम्ही कशाला वाकताय. शेवटी विचारलं मी, जेवलीस का? तर रडायला लागली. बायकांचं काही कळत नाही.

यातलं काही तिला सांगू नकोस.

बाबा

२६ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

मी आठ तारखेला येतेय, ठरल्याप्रमाणे. परतीचं एक तिकीट रद्द केलं. झाड उभं असेल, फरशा तशाच असतील, तरी केलं. बाबांनी काय लिहिलं ते विचारू नकोस, मी सांगणार नाही, आणि त्यांनाही पिडू नकोस.

येताना अस्तराचं कापड आणते, नमुन्याचा तुकडा पाठव. झाड वाळलं की तोडणं आणि फरशा बसवणं आपण दोघी मिळून बघू. तोवर बाबांना फेरी मारायला तू एक हात धर, आणि मी आहे तोवर दुसरा मी धरीन.

एक काम मात्र न विसरता कर. झाड गेल्यावर सावली राहणार नाही, आणि तू लगेच बाबांची खुर्ची उचलून व्हरांड्यात नेशील, मी तुला ओळखून आहे. नेऊ नकोस. उन्हासाठी वरून कापड बांध, छत्री लाव, काय वाटेल ते कर, पण खुर्ची आहे तिथेच राहू दे. का, ते विचारू नकोस. आणि त्यांनी चहा मागितला की वेळ-काळ न बघता देत जा. चिडायचं तेवढं चीड, पण दे.

बेबी